रोल धुताना

एकशे अठरा, एकशे एकोणीस, एकशे वीस.

दारावर टकटक झाली तेव्हा माझ्या दोन्ही हातांत फिल्मच्या रोलची दोन टोकं होती. उजवा हात वर, डावा खाली. डावा वर, उजवा खाली. मधला भाग ट्रेमधल्या डेव्हलपरमधून इकडून तिकडे फिरत होता आणि मी तोंडानं अंक मोजत होते. अंधार असा की स्वतःचे हात दिसत नव्हते. तीनशे साठ अंक होईपर्यंत रोल बाहेर काढायचा नाही, आणि तेवढ्यात दाराच्या फटीतून उजेड आला तर सगळा रोल काळाठिक्कर.

"शैला, आत आहेस ना?"

आईचा आवाज होता. आई स्टुडिओत कधीच आली नव्हती.

"आहे. रोल धुतेय. उघडता येत नाही."

"किती वेळ लागेल?"

"लागेल वेळ."

"माझी सव्वापाचची गाडी आहे, लातूरची. पावणेपाच होऊन गेलेत." ती दाराच्या अगदी जवळ आली असावी, कारण पुढचं हळू बोलली तरी मला स्पष्ट ऐकू आलं. "तुझे कपडे घेतलेत पिशवीत. येतेस का, ते सांग. शाळेचा दाखला मागाहून काढता येईल."

मी एकशे एकतीसवर होते. एकशे बत्तीस म्हणाले.

आई जाणार हे मला चार दिवसांपासून ठाऊक होतं. ती खरंच निघेल असं मात्र वाटलं नव्हतं. आणि ती का निघाली, हे बार्शीत माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. निदान त्या अंधारात तरी माझी अशी समजूत होती.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालची, मी नववीत होते तेव्हाची. आमच्या शाळेत कार्यानुभव म्हणजे क्रेप कागदाची फुलं. ती फुलंही आम्ही करत नव्हतो. कधीकाळी कुठल्यातरी वर्गानं केलेली फुलं एका पेटीत होती. तपासणीला साहेब आले की ती बाहेर निघत आणि दरवर्षी नव्या वर्गानं केलेली ठरत. त्या वर्षी ढवळे सर नवीन आले. त्यांनी पेटी उघडून पाहिली, एका फुलातून झुरळ निघालं आणि सरांचं डोकं फिरलं. "महिनाभर रोज तीन ते पाच खऱ्या कामाच्या जागी जायचं," त्यांनी जाहीर करून टाकलं. मुलांना छापखाना, लेथ आणि सायकलचं दुकान मिळालं, मुलींना शिवणकाम आणि दवाखाना. शेवटी यादीत आतारांचा फोटो स्टुडिओ उरला. डार्करूममध्ये मुलगी पाठवायला कुणाच्याच घरचे तयार नव्हते. माझ्या घरचे तयार झाले.

ते कसे तयार झाले, हे सांगायचं तर आमचं घर सांगावं लागेल. आमच्या घरी अबोला होता. दोन दिवसांचा, चार दिवसांचा नव्हे, आठ वर्षांचा. मी पहिलीत असताना अण्णा आणि आई एकमेकांशी बोलायचे थांबले. कशावरून, ते मला कधी कळलं नाही. मला वाटतं, पुढं पुढं त्यांनाही ते नीट आठवत नसावं. अण्णा पंचायत समितीत कारकून. ना दारू, ना मारहाण, ना आरडाओरडा. दोघं एकाच खोलीत जेवायला बसत आणि अण्णा मला म्हणत, "सांग तुझ्या आईला, आमटी खारट झालीय." आई दोन हातांवर बसलेली असे. मी मान वळवून म्हणे, "आई, आमटी खारट झालीय." आई म्हणे, "सांग त्यांना, मीठ हातून दोनदा पडलं." मी पुन्हा मान वळवे. घरातलं पोस्ट ऑफिस होते मी. पोस्टाला निदान रविवारची सुट्टी असते.

पण टपाल माझ्या हातात होतं आणि ते फोडायला मी लवकरच शिकले. कडू निरोप गोड करायचा, लांब असेल तर आखूड करायचा, फारच वाईट असेल तर गिळून टाकायचा. स्टुडिओच्या परवानगीचं तसंच झालं. अण्णा म्हणाले, "तुझ्या आईला विचार." आई म्हणाली, "त्यांना विचार." मी दोघांनाही जाऊन सांगितलं की दुसऱ्यांनी हो म्हटलंय. सही झाली. चौदाव्या वर्षी एवढं डोकं चालतं याचा मला भारी अभिमान वाटला होता.

आतारकाकांचा स्टुडिओ स्टँडच्या मागच्या गल्लीत, चालत तीन मिनिटांवर. काका शिडशिडीत, डोक्यावर पांढरी टोपी, बोटांची टोकं औषधांनी तपकिरी झालेली. डार्करूम म्हणजे जिन्याखाली प्लायवूड ठोकून केलेली खोली. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला जागा नाही. काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "बेटी, रोल दुसऱ्याची अमानत. तू आत असताना कलेक्टर जरी दारात आला, तरी दार उघडायचं नाही."

मला ती खोली फार आवडली. का, ते तेव्हा कुणाला सांगता आलं नसतं. आत गेलं, कडी घातली, दिवा घालवला की मला कुणी काही सांगू शकत नव्हतं आणि माझ्याकडून कुणाला काही कळवू शकत नव्हतं. रोज दोन तास मी कुणाचीच नसायची.

त्या सोमवारी सकाळी आई चुलीपाशी बसूनच म्हणाली, "शैला, लातूरला मुलींच्या वसतिगृहात माझी नेमणूक झालीय. देखरेखीला बाई हवी होती त्यांना. शुक्रवारी जायचंय. त्यांना सांग." मग तिनं फुंकणी खाली ठेवली. "आणि असं सांग, की त्यांनी मला स्वतःच्या तोंडानं एकदा 'जाऊ नको' म्हटलं तर मी जाणार नाही. तुझ्या तोंडून नको. त्यांच्या."

हा निरोप मी अण्णांना सांगितला नाही.

पहिल्या दिवशी ते ऑफिसातून तणतणत आले होते, म्हणून नाही सांगितला. दुसऱ्या दिवशी खुशीत होते, म्हटलं कशाला बिघडवा. तिसऱ्या दिवशी मला वाटायला लागलं की सांगितलंच नाही तर गोष्ट आपोआप विरून जाईल. खरी भीती वेगळीच होती. मी सांगितलं आणि अण्णा गप्प राहिले, तर? मग त्या गप्प बसण्याचा निरोपही मलाच पोचवावा लागला असता. शुक्रवारी सकाळी मी दप्तर उचललं तेव्हा आईनं विचारलं, "सांगितलंस ना? काय म्हणाले?"

"म्हणाले, तुझी मर्जी."

कुठून आले ते शब्द, देव जाणे. वाटलं होतं, हे ऐकून ती खट्टू होईल, थोडी रडेल आणि राहील. आठ वर्षं राहिलीच होती की. आईनं माझ्याकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाली, "बरं. जा, शाळेला उशीर होईल."

आणि आता ती दाराबाहेर पिशवी घेऊन उभी होती आणि मी आत दोनशे सहावर होते.

तो रोलही साधासुधा नव्हता. आडत बाजारातल्या शेट्यांच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं, नातवंडं-पतवंडं जमली, फोटो झाले आणि चौथ्या दिवशी म्हातारी गेली. पुन्हा फोटो काढायची सोय नव्हती. एरवी असा रोल काकांनी माझ्या हाती दिला नसता. पण दहावीच्या फॉर्मच्या फोटोंसाठी पोरांची ही गर्दी झाली होती आणि काकांचा हात अलीकडे थरथरायचा. "तुझा हात स्थिर हाय," ते म्हणाले होते. "एकटीनं धू आज."

बाहेर पोरांचा गलका कमी झाला. काका हळू आवाजात काहीतरी बोलले. स्टूल ओढल्याचा आवाज आला. आई बसली असावी.

"शैला," ती म्हणाली, "तुला मला काही सांगायचंय का?"

दोनशे चाळीस. दोनशे एकेचाळीस.

"आई, माझे अंक चुकतील."

"बरं बरं. मोज तू."

मी मोजत राहिले. हात दुखायला लागले होते, मनगटावरून औषध कोपरापर्यंत ओघळत होतं आणि पुसायला तिसरा हात नव्हता. दार उघडलं की काय होईल, हे मला लख्ख दिसत होतं. आईचा चेहरा समोर आला की खोटं टिकलं नसतं. 'मी अण्णांना सांगितलंच नाही' हे एक वाक्य बोलायचं होतं. मग आई घरी आली असती, अण्णांना कळलं असतं आणि चार दिवस मी काय केलं ते दोघांनाही कळलं असतं. नाहीतर न बोलता तिच्याबरोबर गाडीत बसायचं होतं. मग संध्याकाळी अण्णा रिकाम्या घरात आले असते आणि काय झालं ते सांगायलाही कुणी नसतं. नाहीतर तिला एकटीला जाऊ द्यायचं होतं. तिन्ही दारं माझ्यावरच उघडत होती. मला एकही नको होतं. मला फक्त मोजायचं होतं.

तीनशे साठ झाले. रोल पाण्याच्या ट्रेमध्ये घातला, चांगला खळबळून काढला. मग हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या औषधात, सोडला आणि पुन्हा एकपासून मोजायला लागले.

हायपोत शंभर झाले की उजेड चालतो. रोल तसाच आणखी आठ-नऊ मिनिटं आत ठेवायचा असतो, पण दिवा लावता येतो, दार उघडता येतं, बाहेर डोकावून चहाही सांगता येतो. काका नेहमी तसंच करायचे. शंभर म्हटलं की कडी काढायचे आणि मोकळी हवा घ्यायचे.

अठ्ठ्याण्णव. नव्याण्णव. शंभर.

मी एकशे एक म्हणाले.

कडीला हात लागत होता. खोली केवढी, कोपर हललं तरी लागायचा. बाहेर आई नुसती बसली होती. तिच्या बांगड्यांचा आवाज मधूनमधून येत होता. एकशे पन्नास. वाटलं, ती हाक मारील, मग उघडू. दोनशे. तिनं हाक मारली नाही. मला रडू आलं, पण आवाज होऊ दिला नाही, आणि अंकही चुकू दिला नाही. दोनशे नव्वद. तीनशे.

स्टूल मागं सरकलं.

"निघते गं," आई म्हणाली. "डब्यात लाडू ठेवलेत. नीट राहा."

"आई, अजून झालं नाही," मी आतून ओरडले.

"हो. कळलं."

तिची पावलं दुकानाच्या पायरीवरून उतरली. मी सहाशेपर्यंत मोजलं आणि मग दार उघडलं.

पाच वाजून पाच मिनिटं झाली होती. काका स्टुलाशेजारी उभे होते. त्यांनी रोल माझ्या हातातून घेऊन उजेडाकडे धरला. एकूण एक फोटो स्वच्छ आला होता. म्हातारी पाटावर बसलेली, भोवती दिवेच दिवे.

"छान आलाय," ते म्हणाले. "जा पळ. गाडी अजून लागलेली असेल."

"रोल नळाखाली धुवायचाय अजून."

"मी धुतो की."

"तुमचा हात थरथरतो काका," मी म्हणाले.

काकांनी माझ्याकडे बघितलं आणि रोल परत माझ्या हातात दिला. मी तो नळाखाली धरून उभी राहिले. स्टँडवरून गाडी सुटल्याचा आवाज आला, तोवर आणि त्यानंतरही.

संध्याकाळी अण्णा आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "सांग तुझ्या आईला, चहा..." मी म्हणाले, "आई लातूरला गेली. नोकरी लागलीय तिला." त्यांनी स्वतः आत जाऊन चहा ठेवला. त्यांना साखर कुठं असते ते माहीत नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही. बिनसाखरेचा चहा आम्ही दोघं प्यालो.

पुढं मी सुट्टीत लातूरला जायची, आई पत्रं पाठवायची. त्या दुपारबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मी एक्स-रेचं काम शिकले, त्यातच नोकरी केली, बरीच वर्षं डार्करूममध्येच काढली. माझ्या लग्नात आई आणि अण्णा मांडवाच्या दोन टोकांना बसले होते. तिकडचा निरोप इकडे आणायला तेव्हा मी मोकळी नव्हते, आणि त्यांचंही काही अडलं नाही. अण्णा जाऊन आता अकरा वर्षं झाली होती.

मग एके दिवशी बार्शीहून कळलं की आतारकाका गेले. मी तेव्हा लातूरला आईकडेच होते. ती सत्तरी ओलांडलेली, ताटात गहू निवडत बसली होती.

"भला माणूस होता," ती म्हणाली. "मला बसायला स्टूल दिलं होतं. म्हणाला, ताई, काळजी करू नका, आता ती रोल पाण्यात घालील. पाण्याचा आवाज आला की शंभर मोजा, मग ती स्वतःच उघडेल."

मी हातातला कप खाली ठेवला.

"मोजलेस?"

"मोजले तर. शंभर झाले. वाटलं, मीच घाई केली असेल मोजायला. पुन्हा शंभर मोजले. मग आणखी एकदा." तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "म्हटलं, आता पोरीला छळायला नको."

"तुला वाटलं असेल, मला तुझ्याबरोबर यायचं नाही."

"ते वाटलंच. पण मी तेवढ्यासाठी नव्हते बसले. 'तुझी मर्जी' हे काय त्यांचं बोलणं होतं का? सबंध संसारात त्यांनी कधी माझी मर्जी विचारली नाही. तू सांगितलंच नाहीस, हे मला सकाळीच कळलं होतं. वाटलं, समोर आलीस की खरं बोलशील."

"मग तू स्वतःच का नाही विचारलंस अण्णांना?"

"आठ वर्षं तोंड बंद होतं गं. उघडायचं कसं, तेच विसरले होते. तू खरं बोलली असतीस तर मात्र पिशवी घेऊन घरी गेले असते आणि उभ्या उभ्या विचारलं असतं."

ती हे रागानं म्हणाली नाही. मी विचारलं, तिनं सांगितलं. तेवढ्यासाठीच मला आणखी एक गोष्ट सांगावी लागली. ती मी नवऱ्याला सांगितली नव्हती, मुलांना सांगितली नव्हती, कुणालाच सांगितली नव्हती.

"आई, त्या संध्याकाळी चहा पिऊन झाल्यावर अण्णांनी मला एक विचारलं होतं. मी नाही म्हणाले. वाटलं, हो म्हटलं तर माझं सगळंच बाहेर पडेल."

आईचा हात ताटातच थांबला.

"काय विचारलं होतं?"

"हेच, की तू काही..."

"असं नको," ती म्हणाली. "तुझे शब्द नको घालूस. त्यांनी म्हटलं तसं सांग. जसंच्या तसं."

कितीतरी वर्षं ते वाक्य माझ्यापाशी होतं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता.

"म्हणाले, 'शैला, जाताना ती माझ्यासाठी काही बोलली का गं?'"

आईनं ताट बाजूला सारलं. डोळ्याला पदर लावला नाही की काही नाही. नुसती बसून राहिली, माझ्या तोंडाकडे बघत.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं.